पाठीमागे धान

नाही नाही, सर, तिथे नका बसू — ते पोतं नाही, ते आमचं साधन आहे — म्हणजे पोतंच आहे, रेतीचं, पण ते जागचं हललं की पोरीच्या उडीचा अंदाज चुकतो. खुर्ची घ्या ना. तिचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकवून बसा. हं. आता सांगा परत. दुर्गेश्वरीला न्यायला आले तुम्ही, पुण्याला, तुमच्या अकादमीत — राहणं, जेवण, शाळा, सगळं तिकडेच. ऐकलं मी. पहिल्यांदा म्हणाले तेव्हाच ऐकलं, फक्त परत ऐकायचं होतं की तुम्ही मला विचारून राहिले की सांगून राहिले. काकी, दोन कप चहा मांडा जी! — ही रुक्माकाकी, माझी चुलती, तिला वाटलं तुम्ही मला पाहायला आले, म्हणून मघाशी पदर सावरत पळाली. नागपूरच्या तायक्वांदो स्पर्धेत पाहिलं असेल ना तुम्ही तिला, मागच्या महिन्यात? मान हलवली तुम्ही, पण हो की नाही ते काही कळलं नाही — तिथेच पाहिलं असणार, दुसरीकडे कुठे दिसणार ती? सडक अर्जुनीत थांबतं कोण? रायपूरचे ट्रक येतात, ढाब्यावर दाल फ्राय खातात, निघून जातात. गाडी थांबवून आत येणारे तुम्ही पहिलेच.

काय शोधून राहिले? मशीन? मशीन नाही आहे सर. ही बाबूजींची धान ठेवायची कोठी, पावसाळ्यात रिकामी असते, तेवढीच माझी. उड्यांच्या पेट्या नाहीत, डंबेल नाहीत, आरसा नाही. एक मोठा सिमेंटचा ठोकळा आहे आणि पोरगी आहे. पुरते तेवढं. तुम्हाला हसू आलं — येऊ द्या, इथले मास्तरही हसतात. पण मी बी.पी.एड. केलं आहे, फालतू नाही बोलत. लाथ जोरात कशी बसते? वजन उचलून? वजन उचलून ताकद येते, मान्य, पण लाथ ही ताकद नाही, लाथ म्हणजे ताकद किती लवकर बाहेर पडली ते. तर त्या ठोकळ्यावरून खाली पाऊल टाकायचं — उडी नाही मारायची, नुसतं पाऊल — आणि जमीन लागली न लागली की वर! तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखं. गुडघा जास्त वाकला की संपलं, ती बैठक झाली, उडी नाही. आवाज ऐकायचा. धप्प वाजलं तर चुकलं, टक् वाजलं तर बरोबर. मी डोळे मिटून सांगते कोणाची उडी चांगली. मग पालथं झोपायचं, माझी टाळी वाजली की उठून दारापर्यंत सुटायचं. मग जोर काढताना जमिनीला असा धक्का द्यायचा की हात सुटले पाहिजेत, हवेत टाळी, परत जमिनीवर. आणि उन्हाळ्यात मोहाखाली — हे तुमच्या पुस्तकात नसेल — पहाटे मोहाचं फूल गळते, ते खाली पडायच्या आत हातात. कोणतं गळेल, कधी गळेल, काही माहीत नाही. डोळ्यापासून हातापर्यंतचा रस्ता छोटा करायचा, बस. दुर्गेश्वरीची माय चिचगडकडची, लहानपणापासून मोह वेचणारी, ती म्हणे, "बाई, आमी तं पडल्यावर वेचतो, तुमी पडाच्या आंदी काऊन वेचून राहिल्या?"

आणि सगळ्यात मोठी गोष्ट — आराम. हे कोणालाच पटत नाही. चपळाई थकून येत नाही सर. चार-पाच उड्या, पूर्ण जोरानं, आणि मग बसायचं, श्वास पूर्ण जागेवर येईपर्यंत बसायचं, मग परत. थकलेल्या पायाला हळू पळायची सवय लागते, आणि सवय लागली की लागली. पण इथे काय? इथे घाम निघाला म्हणजे व्यायाम झाला. शाळेतले पी.टी. मास्तर पोरींकडून शंभर-शंभर बैठका काढून घेतात, दुसऱ्या दिवशी पोरी जिन्यावरून बाजूबाजूनं उतरतात, आणि मास्तर खूश! सुशिलाबाई — दुर्गेश्वरीची माय, सांगितलं ना आत्ता — ती एकदा दारात येऊन उभी. "बाई, पोरगी तुमच्याकडे येते न् निस्ती बसून राहते म्हणते लोक. निस्तं बसाचंच हाये तं घरी भांडे पडले हायेत." मी एक तास समजावलं. स्नायू म्हणजे काय, नस म्हणजे काय. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बरं बाई. पण बसवान तं सावलीत बसवा." ढाब्यावरचा इंद्रकुमार येता-जाता ओरडतो, "मॅडम, बेंडक्या टरटरल्या का आज?" — कारण उड्या मारतात ना पोरी. रोज तोच जोक. त्याला कंटाळा कसा येत नाही मला समजत नाही.

तुमची अकादमी मला माहीत आहे, सर. म्हणजे तुमची नाही, तशीच एक, नाव नाही घेत. मी होते ना एक वर्ष. बारावीनंतर. बाबूजींनी हट्ट पुरवला, पेटी भरून दिली, तीळ-लाडू दिले. तिथे पहिल्याच दिवशी खांद्यावर वजनांची सळई. का? तर सगळ्यांच्या खांद्यावर आहे. उंची पाहिली नाही, वजन पाहिलं नाही, माझी लाथ कशी आहे ते तर कोणी पाहिलंच नाही. सहा महिन्यांत मांड्या अशा झाल्या आणि लाथ जड, पोत्यासारखी. मग काय, जिच्या लाथेत दम नाही तिला छातीला गार्ड बांधून उभं करायचं. जिंकणाऱ्या पोरी लाथा मारणार, मी खाणार. पार्टनर म्हणायचे त्याला. पार्टनर! घरच्यांना मी सांगत होते, मोठ्या मोठ्या खेळाडूंसोबत सराव चालू आहे. खोटं नव्हतं. तर मी सोडलं ते. सोडलं म्हणजे — त्यांनीच — जाऊ द्या, वर्ष संपलं आणि मी परत आले. तेव्हाच ठरवलं, मी शिकवीन, आणि असं शिकवीन की पोरीला तिच्या अंगाशिवाय काही लागणार नाही. कोणाची मशीन नको, कोणाची मेहरबानी नको. अंग तर प्रत्येकीकडे असते ना? गरिबाच्या पोरीकडेही असते. मला वाटलं होतं, एवढी साधी गोष्ट, गाव कसं उचलून धरेल!

चहा घ्या. साखर जास्तच असते काकीच्या चहात.

तर नागपूर. तुम्ही पाहिलंच, तरी सांगते, कारण लोक चुकीचं सांगतात. लोक म्हणतात दुर्गेश्वरी सेमीफायनलला कमी पडली. कुठे कमी पडली? त्या नागपूरच्या पोरीला तिची एक लाथ अशी बसली की गार्डचा आवाज वरच्या पायऱ्यांपर्यंत गेला. लाथेनं नाही हरली ती. रेषेनं हरली. मॅटच्या बाहेर पाय गेला की समोरच्या पोरीला गुण — आणि आमच्या पोरीचा पाय बाहेर, परत बाहेर, परत बाहेर. समोरची काही करत नव्हती हो! नुसती खांदा हलवायची, आणि ही मागे. मी कोपऱ्यातून ओरडून राहिली, "पुढे! पुढे हो! मागे कायले जाते?" ती माझ्याकडे पाहते आणि मागे जाते. घाबरून नाही. तोंडावर भीती नव्हती तिच्या. शांत होती एकदम, कामात असल्यासारखी. तिथल्या एका कोचनं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मॅडम, लडकी डरपोक है, छोड दो." मला असा राग आला की — मी पोरीचा गार्ड सोडत राहिले. आता बोलून राहिले, तुमच्यापुढे. काय उपयोग.

येताना बसमध्ये ती खिडकीशी झोपली, आणि मी विचार करून राहिली — ही मागे का जाते? आणि देवरीला जाणारे प्रवासी चढले, एकीच्या डोक्यावर पऱ्ह्यांची पेंढी — धानाची रोपं हो, उशिराची रोवणी असेल कुठे — आणि मला एकदम दिसलं. सर, तुम्ही रोवणी पाहिली आहे? बाया ओळीनं वाकतात, चिखलात रोप खोचतात आणि सरकतात. कुठे सरकतात? मागे! पुढे पाऊल टाकलं तर आत्ताच लावलेला धान पायाखाली येते ना. रोवणी मागे चालत करायची असते. पाय चिखलातून हळू उपसायचा, रोप हलू नये असा, आणि मागे ठेवायचा, न पाहता. आणि ही पोरगी आठ वर्षांची असल्यापासून मायसोबत उभी राहते ओळीत. किती पावसाळे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मागे, मागे, मागे. काम करताना मागे जायचं, हेच तिच्या पायाला माहीत. मॅटवर उभी राहिली, वाकली, समोर लक्ष दिलं, आणि पाय आपोआप बांधीत, धानाच्या वावरात गेला. डरपोक म्हणे! त्या कोचला कोणी एक दिवस रोवणीला उभं करा.

कोणाच्या बांधीत म्हणजे? आमच्याच. हो, बाबूजींच्याच बांधीत. सुशिलाबाई आमच्याकडेच येते ना रोवणीला, कापणीला, सगळ्याला. त्यात काय? तिला आम्ही बाहेरच्यासारखं नाही वागवत. दुर्गेश्वरी माझ्या घरी दूध पिते, माझ्या पेल्यात. म्हणजे — माझ्यासारख्या पेल्यात. तुम्ही असे नका पाहू, सर. मी तिला रोवणीला पाठवत नव्हते, मी तर बाबूजींशी भांडले यंदा, की त्या पोरीला सोडा, तिची स्पर्धा आहे. बाबूजी म्हणाले, "सोडतो. मंग तिच्या ओळीत तू उभी राय." मी कशी उभी राहणार? मला येतच नाही. मी बांधीत कधी उतरलेच नाही.

आणि तरी मी बाबूजींपुढून मागे सरकले ना. ते जाऊ द्या.

तर उपाय काढला. ऐका, हा माझा आहे, कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. आमच्या मागच्या धुऱ्यावर — दोन बांधींच्या मधला तो मातीचा बांध हो — तिथे तिला उभं केलं. धुरा हातभर रुंद. आणि तोंड करायला लावलं माझ्याकडे, पाठीमागे उभा धान. पोटरीवर आलेला, लोंब्या निघायला झालेल्या. म्हटलं, आता मी अंगावर येणार, तू काय करायचं ते कर, पण मागे पाऊल पडलं तर धानात पडेल. बस, एवढंच सांगितलं. पहिल्या दिवशी मी जोरात गेले अंगावर. तिचा मागचा पाय उचलला — आणि हवेतच थांबला. हवेत, सर! पूर्ण अंग थरथरून राहिलं, पण पाय खाली नाही. बाबूजींचा धान कसा तुडवणार ती? तिच्या मायनं लावलेला, आमचा. रेफरीला ती घाबरत नाही, पेनल्टीला घाबरत नाही, पण धानावर पाय ठेवणार नाही, मेली तरी ठेवणार नाही. मागे जागाच नाही म्हटल्यावर पाय कुठे जाणार? पुढे आला. अशी लाथ बसली माझ्या बरगडीत की मी धुऱ्याच्या या बाजूला चिखलात बसले. आठ दिवस हसता आलं नाही. एवढी खुशी मला माझ्या पदवीची नाही झाली.

काय म्हणाले? क्रूर?

बरं. तुम्हाला वाटू द्या. जिंकायचं आहे की नाही? मी काय तिला मारलं? तिच्या मनात जे होतं तेच वापरलं. तुम्ही लोक भिंतीवर चिकटवता, आपली कमजोरी हीच आपली ताकद, मोठ्या अक्षरात — मी केलं तर क्रूर. बाबूजींनी एकदा पाहिलं, ओरडत आले, "धान तुडवान तं पाय तोडीन!" आणि ती पोरगी हात जोडून म्हणाली, "नाही जी मालक, एकबी नाही तुडवला, पाहून घ्या." बाबूजी खरंच वाकून पाहत गेले. मी त्या वेळी — मी तिथेच उभी होते. हसले मी. गंमत वाटली मला. आता सांगताना नाही वाटून राहिली, काय माहीत का.

बाकीच्या पोरी? येतात ना. बाहेर बोर्डवर लिहिलं आहे, पाहिलं असेल, सर्व वयोगटातील मुलींसाठी. म्हणजे आज नाही आल्या. मंजू होती, चांगली होती, तिला गोंदियाला शिवणकामाला टाकलं. शामकला होती, तिचा भाऊ म्हणाला पाय एवढा वर करणं बरं नाही दिसत. काही उन्हाळ्यात गेल्या त्या आल्याच नाहीत. तुम्ही मोजू नका उगीच. हो. आता एकटीच येते ती. मग काय झालं? एक पोरगी नीट तयार झाली, पदक घेऊन आली, की दहा येतील, हे मी बाबूजींनाही सांगितलं. बाबूजी म्हणतात, या पोट्टीचं काय होते ते होऊ दे, मंग तुझं पाहू. माझं पाहू म्हणजे काय ते तुम्हाला समजलं असेल, काकीनं पदर सावरला तेव्हाच. म्हणजे तुम्ही तिला आज गाडीत बसवलं की उद्या ही कोठी बंद. परवा इथे धानाची पोती. तेरवा इथे मंडपाचं सामान. इतकं सोपं आहे.

आणि नावाचं काय? विचारते मी, लाज वाटत नाही मला. तुम्ही न्याल, दोन वर्षांत ती राज्यात येईल, देशात येईल, मला शंका नाही, आणि कागदावर लिहिलं जाईल, प्रशिक्षक अमुक अमुक, पुणे. धुरा कोण लिहील? ठोकळा कोण लिहील? तिच्या खांद्यावर सळई ठेवाल तुम्ही, मला माहीत आहे. तिच्या पायाची ती टक् घालवाल. आणि नाही जमलं तर गार्ड बांधून उभी कराल कोणापुढे तरी. नाही सर. नाही पाठवत मी. तुम्ही सुशिलाबाईला विचारा, ती म्हणेल रविताबाईला विचारा, म्हणजे मलाच. पोरीला विचारा, ती माझ्याकडे पाहील. ती मला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही — म्हणजे सरावात, सरावात म्हणते मी. नागपूरला तुम्ही पाहिली ती एक हरलेली पोरगी होती. ती आता राहिली नाही. तुम्हाला माहीतच नाही तुम्ही कोणाला न्यायला आले.

काय?

नागपूरला नव्हतेच तुम्ही? मग मघाशी मान — बरं, मग पाहिलं कुठे तिला?

व्हिडिओ. कुणी पाठवला व्हिडिओ? मी तर नाही पाठवला. तिच्याकडे फोन नाही, सर, तिच्या घरी कोणाकडेच चांगला फोन — दाखवा नंबर. दाखवा ना.

हा तर हेमेंद्रचा आहे. माझ्या भावाचा. म्हणजे माझ्या घरातून. हेमेंद्र ट्रॅक्टर घेऊन तिकडेच असतो दिवसभर, हो, तो उभा राहायचा धुऱ्याजवळ, मला वाटलं टाइमपास करून राहिला. आणि फोन केला तो पण त्यानंच? नाही? ती बोलली? स्वतः? तुमच्याशी? हिंदीत की मराठीत? — तिला माझ्याशी एक वाक्य सरळ बोलता येत नाही सर, ती मान खाली घालून "हो बाई" म्हणते, आणि ती तुम्हाला फोन करून म्हणाली की मला घेऊन जा?

नका लावू. मला नाही पाहायचा. आवाजही बंद करा.

एक सांगा फक्त. धुऱ्यावरचा आहे तो? नाही? मग कुठला? शाळेच्या ग्राउंडवरचा. मोकळ्या ग्राउंडवरचा. मागे धान नाही काहीच नाही. समोर कोण आहे, पोरगं आहे कोणी? मोठं आहे तिच्यापेक्षा? अंगावर येते? आणि ही — मागे गेली का, सर? नीट आठवा. एकदा तरी?

एकदाही नाही.

कप ठेवून द्या तिथेच, काकी उचलेल. सुशिलाबाईचं घर नहराच्या त्या बाजूला आहे, निळं दार. पोरगी घरीच असेल या वेळी. आज सरावाला आली नाही, मला वाटलं ताप असेल. गाडी जाणार नाही तिकडे, पायी जावं लागेल, मागच्या धुऱ्यावरून. जा तुम्ही, उशीर होईल. जा ना.

सर — पाय पाहून ठेवा. धान आहे.